दोन मिलीमीटर आत

माझ्या भाऊजींना सगळी गल्ली 'मिलीमीटर' म्हणते. पाठीमागे म्हणते, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि मनातून ते त्यांना आवडतं असा माझा संशय आहे. गाड्यांची चाकं आणि स्टिअरिंग सरळ करून देणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "गाडी जरा एका बाजूला जाते हो." भाऊजी गाडीपुढे उकिडवे बसतात, डावा डोळा मिटतात, आणि गाडीवाल्याने काही गुन्हा केल्यासारखं त्याला सांगतात, "उजवं चाक तीन मिलीमीटर बाहेर बघतंय."

चाकं बघतात, असंच ते बोलतात. एखादं चाक आत बघतं, एखादं बाहेर बघतं, आणि एखादं बेशरम चाक सरळ शेजाऱ्याच्या दारात बघतं. जुन्या गाड्यांच्या पुढच्या दोन चाकांनी एकमेकांकडे किंचित, मिळून दोन मिलीमीटर, आत बघायचं असतं. मग धावायला लागली की ती आपोआप समोर बघतात. बाहेर बघितलं तर गाडी भटकते, फार आत बघितलं तर टायर झिजतात. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. नवं लग्न झालेलं जोडपं आलं तर दोनदा ऐकवतात.

मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांची सीट-कव्हरं शिवतो. दोन गाळ्यांच्या मधे छातीएवढी भिंत आहे, त्यामुळे तिकडचं सगळं मला दिसतं आणि ऐकू येतं. मला चोंबडेपणा करावा लागत नाही, तो घरपोच मिळतो. एकदा एक भारदस्त वकील तक्रार घेऊन आले की गाडी डावीकडे कलते. भाऊजींनी चाकं मोजली, स्टिअरिंग बघितलं, गाडी फिरवून आणली, आणि मग वकिलांना उभं करून त्यांच्या उजव्या मागच्या खिशातलं विटेएवढं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. "आता बसा. गाडी सरळ आहे, तुम्ही कलता." वकील दुखावले, पण बसले, आणि गाडी खरोखरच कलायची थांबली. तेव्हापासून भाऊजींचा शब्द गल्लीत प्रमाण.

समोर मोठं गॅरेज झालं तिथे चाकं सरळ करायचं मशीन आहे. पडद्यावर आकडे येतात, चुकलेले लाल, बरोबर असलेले हिरवे. भाऊजी अजून दोरीने करतात. गाडीच्या दोन्ही अंगांना चाकांच्या मधल्या उंचीवर पांढरी दोरी ताणायची, पुढचं टोक लोखंडी स्टँडला, मागचं टोक ताईच्या हातात. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको. मग दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत किती, मागच्या कडेपर्यंत किती, हे पोलादी पट्टीने मोजायचं. त्याआधी ताईने सीटवर बसून स्टिअरिंग अगदी सरळ करून ठेवायचं, आणि भाऊजी खाली शिरून नट फिरवायला लागले की परत बसून ते हलू न देता धरायचं. सव्वीस वर्षं ती हेच करते आहे. स्टिअरिंग सरळ आहे की नाही हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही, भाऊजींनाही नाही, आणि हे त्यांना मान्य आहे.

या दोरीवरून दोघांच्या गप्पा चालतात. भाऊजी घरात तोंडाला कुलूप लावून बसणारे. मुलगी शिकायला लांब गेल्यापासून घरात दोघंच, पण वर्तमानपत्राच्या मागून 'हं'पलीकडे काही येत नाही असं ताई सांगते. दोरी ताणली की मात्र त्यांची जीभ सुटते. "किंचित आत घे. मुलीचा फोन आला होता का? बस, बस. तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? आता बाहेर, केसभर." मान वर न करता हे सगळं. ताई पलीकडून उत्तरं देते. दिवसाला सहा गाड्या आल्या की सहा वेळा संसार होतो.

त्या मिटलेल्या डाव्या डोळ्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लग्न ठरायच्या आधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा ताई दारातून आत आली आणि यांनी तिच्याकडे बघून डोळा मिटला. ताई लाजून लाल. आत जाऊन मला म्हणाली, "मुलगा दिसतो साधा, पण डोळा मारतो." आणि तिने होकार दिला. लग्नानंतर भाऊजींनी खुलासा केला की तिच्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते डावीकडे कललेलं होतं, ते किती कललंय हे ते बघत होते. ताईने तो खुलासा आजतागायत स्वीकारलेला नाही. घड्याळ कललेलं होतं, याला मी साक्षीदार आहे. पण मला विचारतो कोण?

तर या ताईने, वयाच्या पन्नाशीत, एक दिवस दोरी धरल्या धरल्या जाहीर केलं, "मला गाडी शिकायचीय."

भाऊजी खालून म्हणाले, "कशाला?"

"सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरून बसलेय, आणि एकही गाडी जागची हलली नाही. मला आईकडे माझी मी जायचंय."

आमची आई एक्याऐंशी वर्षांची. चाळीस किलोमीटरवर आपल्या घरात एकटी राहते आणि तिथून हलायला तयार नाही. जायला दोन बस बदलाव्या लागतात, त्यातली दुसरी आली तर येते. भाऊजी ताईला गाडीने नेतात, पण काम नसलं की, म्हणजे वर्षातून दोनदा. मी जातो, पण आईला मी नको असतो, ताई हवी असते. तसं ती मला तोंडावर सांगते, आणि वर हात फिरवून "वाईट वाटून घेऊ नकोस" असंही म्हणते.

भाऊजी आढेवेढे न घेता हो म्हणाले. त्यांची स्वतःची जुनी मोतिया रंगाची गाडी होती, ती ताईला दिली. शिकाऊ परवाना आला. शेजारी बसायला परवाना असलेला माणूस लागतो, तो मी. ताईने पहिल्याच दिवशी मला कामाला लावलं: स्टिअरिंगच्या कव्हरवर, अगदी वर मधोमध, लाल दोऱ्याचा एक टाका घालून दे. म्हणजे स्टिअरिंग सरळ आहे हे नजरेला कळेल. मी टाका घातला, तिने डोळा मिटून बघितला, उसवायला लावला, आणि केसभर उजवीकडे परत घालायला लावला. नवराबायको एकाच माळेचे मणी.

पहिला आठवडा झकास गेला. मोकळ्या मैदानात ताई लाल टाका वर धरून गाडी अशी नाकासमोर न्यायची की मला झोप यायची. शनिवारी जेवताना ती म्हणाली, "परवाना हातात आला की दर महिन्याला आईकडे जाईन. तीन-चार दिवस राहीन." भाऊजींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "चांगलंय." मीही होतो तिथे. ग्लास अगदी हळू ठेवला होता, एवढंच लक्षात राहिलं.

मंगळवारपासून गाडी डावीकडे जायला लागली.

ताई टाका वर धरायची, गाडी डावीकडे. ताई घाबरून उजवीकडे झटका द्यायची, मग टाका परत वर, परत गाडी डावीकडे. मला उलटी व्हायची वेळ यायची. मला वाटलं, सुरुवातीचा जोर ओसरला. तरी तिने परीक्षा दिली. मैदानात चुन्याच्या दोन लांब रेघा मारलेल्या होत्या, त्यांच्यामधून गाडी सरळ न्यायची, थांबवायची आणि मागे आणायची. वीस पावलांवर डावं चाक रेघेवर गेलं. परीक्षक साहेब छत्रीखालून ओरडले, "बाई, डावीकडे कशाला नेता?"

"मी नेत नाही. ती जाते!"

रांगेतली सगळी पोरंटोरं हसली. मीही हसलो, हे आज कबूल करतो.

घरी आल्यावर ताईने भाऊजींना सांगितलं, गाडीत काहीतरी आहे. भाऊजींनी तिला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर नेली, चांगला वेग घेतला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. ताईची नजर त्या हातांवर. गाडी सरळ. अगदी नाकासमोर. "बघ. गाडी सरळ आहे. तू कलतेस."

नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणायचं त्यांनी बाकी ठेवलं. ज्यांनी वकिलाला पाकिटावरून पकडलं, त्यांचा शब्द होता. ताईने तो मानला. ती आरशासमोर उभी राहून दोन्ही खांदे बघायला लागली. सीटवर डाव्या बाजूला उशी घेऊन बसायला लागली. स्वयंपाकघरात फरशीच्या रेघेवरून चालून बघायची. मला विचारायची, "मी लहानपणापासून अशी आहे का रे? आई काही म्हणाली होती का?" दुसऱ्या परीक्षेला उशी घेऊन बसली आणि अठरा पावलांवर रेघेवर गेली. आता शिकाऊ परवाना संपायला दहा दिवस उरले. त्यात पास झाली तर ठीक, नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि तशी ती पुन्हा कधी करणार नाही हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईचा फोन आला की ती आता दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायची.

त्या दिवशी परत येताना तिने स्टिअरिंगला हात लावायला नकार दिला. मी चालवायला बसलो. मला बोलताना हातवारे करायची खोड आहे, आणि त्या साहेबाचा मी असा उद्धार करत होतो की दोन्ही हात लागले. गाडी आपली सरळ चालली होती. आणि लाल टाका वर नव्हता. तो उजवीकडे दोन बोटं घसरून बसला होता.

मी टाका वर आणला. गाडी डावीकडे गेली, एका सायकलवाल्याने माझ्या खानदानाची चौकशी केली. मी हात सोडले. टाका उजवीकडे, गाडी सरळ.

"ताई, हे बघ."

ताईने बघितलं. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. मग उशी उचलून मागच्या सीटवर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी सामान आणायला गेले, तेव्हा तिने मोतिया गाडी जागेवर घेतली. टाका मधोमध धरून स्टिअरिंग लाकडी पट्टीने अडकवलं, दोरी ताणली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या बाजूला जाऊन बसली. मागचं टोक माझ्या हातात.

"हलवू नकोस."

"हलवत नाहीये."

"श्वास धर. पोट हलतंय तुझं."

सव्वीस वर्षं हिने हे कसं केलं, देव जाणे. मला दहा मिनिटांत मुंग्या आल्या. ताईने पट्टी लावली, डावा डोळा मिटला, दोन्ही बाजू मोजल्या. "डावं तीन बाहेर. उजवं पाच आत."

"म्हणजे दोन्ही चाकं डावीकडे बघतायत! गाडी बिघडलीय, मी सांगत होतो..."

"तू काही सांगत नव्हतास. पाच आत, तीन बाहेर. बेरीज किती?"

"दोन आत."

"दोन आत. अगदी जितकी हवी तितकी." ती उठून उभी राहिली. "बिघडलेल्या गाडीची बेरीज बरोबर येत नसते."

मग ती गाडीखाली शिरली. चाकं वळवणारे दोन दांडे असतात, त्यांना टाय रॉड म्हणतात. एकाच्या आट्यांवर ताजं ग्रीस होतं, दुसऱ्याच्याही. एक थोडा लांब केला होता, दुसरा तेवढाच आखूड. तिने मला समजावलं ते असं: याने टायर झिजत नाहीत. हात सोडले तर गाडी सरळच जाते. रस्त्याकडे बघून चालवणारा कुणीही बसला तर त्याला फार तर वाटेल, स्टिअरिंग जरा तिरकं आहे. फसणार तो, जो रस्ता सोडून स्टिअरिंगकडे बघतो आणि ते सरळ धरून ठेवतो. असा माणूस जगात एकच होता, म्हणजे ताई, आणि तो ग्रीसने माखलेल्या हातांनी माझ्या स्टुलावर येऊन बसला.

गाडीबद्दल भाऊजी खोटं एक अक्षर बोलले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. गाडी सरळ आहे, म्हणाले; होती. वाकडं जे काही होतं, ते त्यांच्या न बोललेल्यात होतं.

ताई आधी हसली. "काय डोकं आहे बघ यांचं," असं जवळजवळ कौतुकाने म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "सहा आठवडे मी आरशासमोर उभी राहतेय रे. मला वाटलं माझ्यातच काही आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, आत्ता येऊ देत त्यांना, या भिंतीवरून उडी मारून जाब विचारतो. भिंत छातीएवढी आहे आणि माझं वय सत्तेचाळीस, पण त्या वेळी मी मारली असती.

"गप्प बस. जाब विचारला तर ते सरळ करून देतील. मग मी पास झाले की म्हणतील, मी सरळ करून दिली म्हणून. ते नको मला. त्यांच्या वाकड्या गाडीवर मी सरळ जाऊन दाखवते."

आणि आठ दिवस तिने तेच केलं. लाल टाका दोन बोटं उजवीकडे धरून ती गाडी चालवायला लागली. मैदानात मला पुन्हा झोप यायला लागली. घरी मात्र तिने वेगळंच नाटक मांडलं. डाव्या खांद्यावर हात ठेवून फिरायची. आरशासमोर उभी राहून सुस्कारे सोडायची. दोरी धरल्या धरल्या विचारायची, "माझ्या दोन खांद्यांत किती मिलीमीटरचा फरक असेल हो?" भाऊजींच्या हातून पट्टी पडली. एकदा तर तिने त्यांनाच विनवलं, दोरी लावून मला मोजा ना एकदा. मी भिंतीआड तोंडात कापड कोंबून हसत होतो. अति तेथे माती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी भाऊजी म्हणाले, "आज मी येतो. गाडी मीच पुढे नेतो, हवाबिवा बघून ठेवतो." पहिल्या दोन्ही वेळा त्यांना काम होतं. आम्ही मागून चालत गेलो. ते मैदानाच्या कडेला इस्त्रीच्या शर्टात उभे होते, आणि शर्टाच्या उजव्या कोपरावर ग्रीसचा काळा डाग होता. तो माझ्या नजरेत भरला. ते कधीच शर्ट डागाळत नाहीत. पण साहेबांनी शिट्टी वाजवली आणि मी डाग विसरलो.

ताई बसली. लाल टाका दोन बोटं उजवीकडे घेतला, तालमीत घ्यायची तसा. गाडी निघाली.

आणि उजवीकडे जायला लागली.

शेजारी भाऊजींचा डावा डोळा मिटलेला होता, तो खाडकन उघडला. "अगं, तिरकं कशाला धरतेस?" ते पुटपुटले. "सरळ धर! सरळ केलंय मी!"

"काय केलंय तुम्ही?" मी म्हणालो.

"तुला काय माहितीये?" ते म्हणाले.

दोन चोर एकाच घरात समोरासमोर यावेत तसे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तिकडे उजवं चाक रेघेपासून वीतभर उरलं होतं. ओरडायची सोय नव्हती, ओरडलं की परीक्षा रद्द. आईच्या घराच्या वाटा, दोन बस, सगळं त्या वीतभर जागेत येऊन थांबलं होतं, आणि ते आम्ही दोघांनी मिळून तिथे आणून ठेवलं होतं.

मग मला ताईची हनुवटी वर उठलेली दिसली. इतके आठवडे मी तिच्या शेजारी बसत होतो, तिची मान कायम त्या टाक्यावर वाकलेली. आता ती काचेतून पुढे बघत होती, पार टोकाला छत्रीखाली बसलेल्या साहेबांकडे. टाका कुठे गेला ते तिने बघितलंच नाही. गाडी हळूच दोन रेघांच्या मधे आली आणि साहेबांच्या टेबलाच्या रोखाने अशी सुटली की साहेब खुर्ची सरकवून उभे राहिले. ती थांबली. मागे आली. मागेसुद्धा सरळ आली.

साहेबांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "आज काय जेवून आलात बाई?"

ताई कागद घेऊन आमच्याकडे आली. तिने आधी गाडीतल्या टाक्याकडे बघितलं, तो आता नीट वर मधोमध होता. मग भाऊजींच्या कोपराकडे.

"सरळ कधी केलंत?"

"आज सकाळी. तू झोपेत असताना."

"आणि वाकडं?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. "तू जेवताना बोललीस, त्यानंतरच्या सोमवारी," ते म्हणाले. "पण तू त्या खांद्याचं इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. मला बघवेना."

"का केलंत पण?"

ते बराच वेळ कोपरावरचा डाग चोळत राहिले. तो पसरला. "महिन्यातून चार दिवस तू तिकडे. दोरी कोण धरणार?"

"खिळा ठोका आणि बांधा."

"खिळ्याशी बोलू काय?"

समोरच्यासारखं मशीन घ्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो, आणि दर वेळी ते मला म्हणायचे, मशीनला नजर नसते, मशीन फसवतं. एकदाही खरं बोलले नव्हते. मशीनला दुसरं टोक धरायला कुणी लागत नाही, एवढीच त्याची खोट होती. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटणं मला झेपत नाही, म्हणून मी दूर जाऊन साहेबांची छत्री बघत उभा राहिलो. ऐकू मात्र येत होतं.

"चाक फार आत बघायला लागलं की काय होतं?" ताईने विचारलं.

भाऊजींनी टायरवर थापटल्याचा आवाज आला.

"सांगा ना. सगळ्या गावाला सांगता."

"टायर झिजतं."

"मग?"

मी वळून बघितलं. ताईने हात पुढे केला, त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. घरी येताना तिने चालवली. मी मागे बसलो, शेजारी उशी.

पुढच्या सोमवारी ताई एकटी आईकडे गेली. आईचा मला फोन आला: "ती पोचली. एकटी आली. तू कधी शिकणार असं?" मला परवाना मिळून वीस वर्षं झालीत, पण आईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

इकडे भाऊजींनी खरोखरच मागच्या भिंतीत एक खिळा ठोकला आणि दोरी त्याला बांधली. मी धरतो म्हणालो होतो. "तुझं पोट हलतं," ते म्हणाले. म्हणजे ताईने तेही सांगितलं होतं. पहिली गाडी आली. ते पट्टी लावून मान खाली घालून म्हणाले, "किंचित आत. मुलीचा फोन आला होता का?"

खिळा काही बोलला नाही.

मला राहवलं नाही. भिंतीवरून म्हणालो, "नाही आला."

"तुला कुणी विचारलं?"

मी मशीनवर पाय ठेवला आणि शिवत राहिलो. दुपारपर्यंत ते अजून दोनदा विसरले. तिसऱ्यांदा 'गुडघा कसा आहे' म्हणून विचारलं आणि स्वतःच उठून पाणी प्यायला गेले. मंगळवारी ते अजिबात बोलले नाहीत. बुधवारी समोरच्या गॅरेजात जाऊन त्यांनी ते मशीन लांबून बघितलं आणि परत आले.

गुरुवारी चार वाजता गल्लीच्या तोंडाशी मोतिया गाडी वळली. भाऊजी कामात आहेत असं दाखवत होते, म्हणजे रिकामी पट्टी फडक्याने पुसत होते. ताईने गाडी आणून गाळ्यापुढे लावली आणि उतरली. भाऊजी पुढे जाऊन चाकांसमोर उकिडवे बसले.

"काय बघताय?"

"चाकं."

"कुठे बघतायत?"

भाऊजींनी दोन्ही चाकं नीट बघून घेतली. "समोर," ते म्हणाले.

"मग आता हात लावू नका."

तिने पर्स माझ्या भिंतीवर ठेवली, आत गेली, खिळ्याची गाठ सोडली आणि दोरीचं टोक हातात घेऊन आपल्या जागी उभी राहिली. तिकडे एक निळी गाडी सकाळपासून थांबलेली होती. भाऊजी आपल्या बाजूला जाऊन बसले, त्यांनी मान वर केली आणि डावा डोळा मिटला.

आता याबद्दल घरात नवा वाद आहे. भाऊजी म्हणतात, ते दोरी बघत होते. ताई म्हणते, डोळा मारला. या वेळी मला कुणी विचारलं नसलं तरी मी साक्ष देतो: दोरी जमिनीवर लोळत होती, तिने ती अजून ताणलीच नव्हती.